पालथा ग्लास

ऐरोलीत, खाडीकडच्या हॉलमध्ये,
भाचीच्या लग्नात वाईन फिरत होती.

बापाने नियमांची यादी
क्रुसाशेजारी टांगली होती:
पिऊ नको, नाचू नको, रविवारी पोहू नको.
ती मी उतरवली, त्याला वीस वर्षं झाली.
क्रूस पडला नाही.
भिंतीवर फक्त एक फिका चौकोन राहिला.

शेजारी इनास.
"चौऱ्याण्णव दिवस," न विचारताच म्हणाला
आणि टेबलक्लॉथची एकच घडी
पुन्हा पुन्हा सरळ करत बसला.

मला कुणी अडवलं नव्हतं,
ना फादरने, ना वरच्याने.
मोकळ्या माणसाला अडवणार कोण?
म्हणूनच तर
ग्लास मी पालथा घातला.
कोकम सरबत मागवलं, दोन.

त्याग वगैरे नव्हता तो.
प्यावंसं वाटत होतंच, खोटं कशाला बोलू.
पण माझं मोकळेपण
त्याच्या थरथरत्या बोटांवर पाय देऊन
उभं राहणार असेल,
तर बापाची यादी काय वाईट होती?

रात्री त्याला दिघ्यापर्यंत स्कूटरवर सोडलं.
वाटभर खांदा घट्ट धरून होता.
उतरला, फाटकाची कडी काढली,
घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते.
"पंच्याण्णव," म्हणाला.