दोनदा उमटलेला सात

नागदेवी स्ट्रीटवर माझं दुकान, सहा फूट बाय नऊ.
पोलादी पंच विकतो, आकड्यांचे. संचात शून्य ते आठ.
नऊ वेगळा नसतो,
सहाच उलटा धरायचा.

इंदुमती शेलटकर वडाळ्याहून टॅक्सीनं आल्या,
सतरंजीत गुंडाळलेलं काही आडवं धरून.
‘आजोबांनी बर्म्यातून आणलेली. जनरलची होती म्हणतात.
खुणा आहेत बारीक. वाचता येतील?’

मला जपानी येत नाही.
ठोका वाचता येतो.

भिंग लावलं. मुठीच्या गळ्याशी चार गोल,
रचून ठेवलेल्या तोफगोळ्यांसारखे. कारखान्याची खूण.
बाजूला तपासनिसाचं एकुलतं अक्षर.
मुठीवर दोऱ्याची वीण दिसते,
नख लावलं तर ॲल्युमिनियम,
साच्यात ओतून वर रंग फासलेला.
आणि पात्यावर, पन्हळ सुरू होते तिथं,
पाच आकडे. आपल्या ओळखीचे, इंग्रजी.

बाई, जनरलच्या तलवारीला असा नंबर नसतो.
तिथं मुठीच्या पोटात लोहाराचं नाव असतं, असलं तर.
ही हवालदाराची. सरकारी.
बुटांसारखी मोजून दिलेली.

‘आजोबाही हवालदारच होते,’
असं म्हणून त्या पंख्याकडे बघत राहिल्या.

म्यानाच्या तोंडावरचा नंबर निराळा निघाला.
मला दिसलं एक मैदान, शरणागतीनंतरचं,
इकडे पात्यांचा ढीग, तिकडे म्यानांचा,
आणि कुणी शेलटकर वाकून
एकेक म्यान बसवून बघतोय.
खरंही नसेल. मी एवढंच म्हटलं,
‘म्यान घट्ट बसतंय हो.’

पण त्या पाच आकड्यांतला तिसरा, सात,
दोनदा उमटलाय. केसभर सरकून.
पंच उडतो असा,
पाळी संपत आली की, किंवा पोटात काही नसलं की.
कुणीतरी तिकडे दात-ओठ खाल्ले असतील,
तपासनीस कुठाय ते पाहिलं असेल,
आणि पुढचा आकडा उचलला असेल.
माझ्या डाव्या अंगठ्यावर असाच एक अर्धा चार आहे,
गोदीच्या साखळ्यांचं काम होतं तेव्हाचा.
तो मी त्यांना दाखवला. का, कोण जाणे.

पैसे विचारले त्यांनी. नको म्हटलं.
पर्समधून वही काढली, नंबर उतरवून घेतला,
भिंगातून बघत, सावकाश.

सात एकदाच लिहिला.