शनिवारी वीज जाते तेव्हा

सिडको, पाचवी स्कीम. आमच्या पाण्याच्या टाकीपासून
गांगुर्डेंच्या शेवग्यापर्यंत माझी तार.
वीस मीटर लागते, जागा सतराच.
उरलेलं टोक खाली लोंबतं, त्याला ताणासाठी
नट-बोल्ट भरलेली औषधाची बाटली.
शेवग्याला शेंगा लागल्या की फांदी वाकते
आणि मीटरचा काटा दीडवरून अडीचवर जातो.
पुस्तकात हे कुठेही दिलेलं नाही.

सेट खैरनार सरांनी जुळवून दिलेला,
ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, लोणच्याच्या डब्यात.
गरम झाला की अजून मोहरीचा वास येतो.
ताकद पाच वॉट.
आमच्या संडासातला दिवा नऊ वॉटचा आहे.

परीक्षा दिली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी,
मुलाच्या वयाच्या पोरांत बसून.
मोर्सच बरं वाटतं. घर झोपलेलं असलं तरी चालतं,
आणि पलीकडचा जो तो मला ‘ओल्ड मॅन’ म्हणतो.
टिकटिकीला ना लुगडं, ना मिशी.

बाकी बहुतेक रात्री काय होतं, तेही सांगते.
समोरच्या जिमचे दिवे, कुणाचा तरी इन्व्हर्टर,
आहेरांच्या माशांच्या टाकीतला पंप,
सगळे मिळून माझ्या कानात चुरमुरे भाजतात.
त्याच्या खाली कुठेतरी माणूस असतो.
मी हाक घालते. घालते. घालते.
मार्चमध्ये सहा जण भेटले,
त्यातले एक खुद्द खैरनार सर,
वीस किलोमीटरवरून, दया येऊन.
पूर्ण झालेली भेट मी रजिस्टरात शाईनं लिहिते,
अर्धवट राहिलेली पेन्सिलनं.
पेन्सिल दोनदा संपली.

पण शनिवार.
शनिवारी महावितरणवाले खांबावर चढतात.
दहाला पंखा मरतो, स्कीमभर एकच शिवी उमटते,
आणि मी पोराच्या जुन्या स्कूटीची बॅटरी कडेवर घेऊन
जिना चढते, लग्नाला निघाल्यासारखी.
हेडफोन लावला की आधी वाटतं, सेटच गेला.
दळण थांबल्यावर गिरणीत होतं ना,
तसं शांत.

परवा साडेअकराला, पंधरा मीटरवर
(चाळीसची तार तिथेही चालते, उपकार तिचे)
एक बारीक, जरा तिरका सूर.
हातानं ठोकणारा. दर चौथ्या अक्षराला अडखळणारा.
वय झालेला हात.
इर्कुत्स्क.

मी हाक दिली. परत दिली.
त्यानं माझी शेवटची तीन अक्षरं उलट पाठवली,
मधलं चुकवून, आणि पुढे
टिक टिक डा डा टिक टिक.
प्रश्नचिन्ह.
इतक्या लांबून कुणी मला
कोण गं तू, असं विचारलं नव्हतं.
मी एकेक अक्षर सुटं करून ठोकलं,
पोराला घास भरवावा तसं, सावकाश.
मग नाव. मग नाशिक.
तो म्हणाला, आर. मिळालं.
मग ओल्ड मॅन. मग त्याचं नाव: गे, ना, डी, मग

खाली पंखा कुरकुरला.
जिममध्ये गाणं सुरू झालं.
चुरमुरे.

बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.
साडेचार हजार किलोमीटरवर तो
अजून बोलत असेल, किंवा परत प्रश्नचिन्ह पाठवून
वाट बघत असेल. किंवा चहा करायला उठला असेल.
मी रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, गेनाडी, गाव.
पेन समोरच होतं.
पेन्सिल शोधावी लागली.

कठड्यापलीकडून गांगुर्डे वहिनींनी विचारलं,
‘आली का हो तुमच्याकडे लाईट?’
‘आली,’ म्हटलं,
‘आज मेली लवकर आली.’