टाकी कोणाची

डिसेंबरात इथे साडेतीनला दिवस बुडतो.
लेक्चर सुटून बाहेर यावं
तर कॉलेजच्या मनोऱ्यावरचा दगडी मुकुट
अर्धा धुक्यात गेलेला.
समुद्रावरून चालत येतं ते. हार म्हणतात त्याला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
कोण हरलं?

ॲबरडीन सगळं करडं. पाऊस थांबला की मात्र
भिंती मीठ सांडल्यासारख्या चमकतात.

पहिल्या प्रॅक्टिकलला बाईंनी दोन तुकडे हातात दिले.
बेसाल्ट : घाईत निवलेला, म्हणून कण दिसत नाहीत.
ग्रॅनाइट : खोल पोटात सावकाश निवत गेला,
स्फटिक धरायला त्याला सवड मिळाली.
काळा तुकडा मी हुंगून पाहिला.
वर्ग हसला.
टाकी बसली की त्याला जळका वास येतो,
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचलं नाही.

टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
बापूंच्या टाकीखालून देव कधी निघाला नाही.
पाटे निघाले, वरवंटे, जाती,
मिरजेपलीकडच्या बारा गावांना पुरलेली.
मग मिक्सर आले.

ग्रंथालयाच्या दारावर रात्री डॉड असतो.
"फूज यर डूज?" विचारतो.
तीन आठवडे मी नुसती मान हलवली.
मग एलीने उलगडून सांगितलं :
तुझी कबुतरं कशी आहेत?
उत्तर ठरलेलं, आय पेकिन. टिपतायत दाणे.
एली बेटावरची. तिलाही हे शहर
फार मोठं वाटतं, बटाटे उकडताना ती तसं म्हणते.

डॉडकडे कबुतरं नाहीत. त्याच्या आजोबांकडेही नव्हती.
ते खाणीत होते. दगडाची धूळ
छातीत साठत गेली, असं तो सांगतो
आणि माझं कार्ड यंत्राला लावून देतो.
खाण आता पाण्याने भरलीय.
निम्मं शहर त्या खड्ड्यातून वर आलं म्हणे.

रविवारी मासळीच्या कारखान्यात पाळी.
परतताना समुद्रपक्ष्याने हातातला पाव पळवला,
पिशवीसकट, दोन पौंड चाळीस.
मी मराठीत शिव्या दिल्या,
अगदी मोकळ्या गळ्याने. बरं वाटलं.

त्याच रात्री बापूंना गल्लीतल्या भिंतीचा फोटो पाठवला.
पाचशे वर्षांचं विद्यापीठ, चॅपल, रंगीत काचा,
सगळं आधी पाठवून झालं होतं,
त्यावर ते काही बोलले नव्हते.
भिंतीवर लगेच बोलले :
"टाकी कुनी लावली?"

दोनशे वर्षं झाली असतील बापू, कोणाला माहीत.
"तरी मानूस आसंलच की. जवळनं काढ."

हातमोजा काढून बोट फिरवलं.
गार नव्हे, चावरा दगड.
मोबाइलच्या उजेडात ओरखडे दिसले,
सगळे एका अंगाला कललेले,
वाऱ्यात गवत झुकावं तसे.

त्यांच्याकडे पहाटेचे चार वाजले होते.
निरोप आला, आधी खोकला, मग आवाज :
"डावकुरा हुता."

तेव्हापासून त्या गल्लीतून जाताना
मी भिंतीपासून जरा हटून चालते,
त्याच्या कोपराला जागा ठेवून.