सातवी चौकट

संगम पुलाजवळच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी उजनीचं पाणी चौकटींत मोजते.
तीनपेक्षा कमी होड्या असतील
तर आकडा नाही, चांदणी काढायची. नियम आहे.

सातव्या चौकटीत एकच होडी, तुळशीदास नगऱ्यांची.
फोनवर म्हणाले, "खरं सांगतो ताई,
एकोणचाळीस किलो मरळ, बुडालेल्या चिंचेपाशी.
पण छापू नका,
उद्या तिथं गाव लोटेल."

मी चांदणी काढली.
मग खालची बेरीज दिसली.
वजाबाकी काय, दुसरीतल्या पोरालाही येते.
म्हणून आठवीही झाकली,
जिला लपवायचं काहीच नव्हतं,
जिथं बारीक आसाची जाळी
बोटाएवढी पिल्लं ओढून नेतात
आणि हे कुणीतरी वाचायला हवं होतं.

साहेब म्हणाले, अहवाल पारदर्शक हवा.
कागद उजेडाला धरला.
आरपार फक्त ट्यूबलाइट.

रविवारी गणेश पेठेत
परातीत मरळ, शेपूट अजून हलतंय.
"कुठली?" पुढच्या गिऱ्हाइकानं विचारलं.
"पाण्यातली," कोयता पुसत मावशी म्हणाली.

मला वाटलं, ते पाणी मला ठाऊक आहे.
मी भाव विचारला.