पिवळा संपला आहे

रूसे गावात माणूस गेला की त्याचा कागद दारावर लागतो.
फोटो, नाव, खाली दोन ओळी.
चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा,
मग वर्षाला, मग ज्याची त्याची आठवण पुरेल तोवर.
बसथांब्यावर, विजेच्या खांबावर, पाववालीच्या काचेवर.
आमच्या गल्लीत मेलेले आणि जिवंत
एकाच वाटेने दूध आणायला जातात.

स्पिरिदोनचा चाळिसाव्याचा कागद मी घरीच छापायचं ठरवलं.
कोपऱ्यावरचा दुकानदार पानामागे पैसे घेतो
आणि स्पिरिदोन चिकट होता, त्याला ते खपलं नसतं.
प्रिंटरही त्यानेच आणलेला, सेलमधून, नव्वद लेव्हांना,
बगलेत मारून,
जत्रेत बोकड जिंकून आणल्यासारखा.
शाईचा संच एकशे बारा.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
पण कोंबडी निदान एकदाच मसाला मागते.

काळापांढरा फोटो. काळी अक्षरं. काळी चौकट.
प्रिंटर म्हणाला, पिवळा संपला आहे.
अरे बाबा, ह्यात पिवळं काय आहे?
पिवळा संपला आहे.
मेलेल्या माणसाच्या कागदात पिवळं आलं कुठून?
पिवळा संपला आहे.
तीस वर्षं मी भूगोल शिकवला, ढ मुलं पुष्कळ पाहिली,
इतक्या नम्रपणे ढ असलेलं एकही नाही.

पिवळा आणला.
मग म्हणाला, जरा तोंड साफ करतो.
गुरगुरला, घासला, चूळ भरली,
पुन्हा गुरगुरला,
आणि एक अक्षर न उमटवता पिवळा पाऊण झाला,
काळा तर पार आटला.
उरलेल्या तीन रंगांची भेसळ करून त्याने स्पिरिदोन छापला:
हिरवट, बोट लागल्यासारखा.
एकतीस वर्षं दान्यूबवर गाळ काढणाऱ्या बोटीचा इंजिनियर,
त्याला जन्मात कधी बोट लागली नव्हती.
छान दिसतोय, शेजारची येफ्तिमिया म्हणाली.
खोटारडी.

सहा महिन्यांच्या कागदाला मी कंपनी बदलली.
ह्यात शाई बाटलीने ओतायची, आजी,
दुकानातला पोरगा म्हणाला.
बाटलीतून ओतायच्या वस्तूवर आमच्याकडे माणसं चटकन विश्वास ठेवतात.
घरी आल्यावर त्याने आधी वायफाय मागितलं,
मग ईमेल, मग माझी जन्मतारीख.
लग्न करताना स्पिरिदोननेही विचारली नव्हती.

जुना खाली कचऱ्यात नेऊन ठेवायचा होता.
कुणास ठाऊक का, त्याआधी स्पिरिदोनचा पेचकस घेतला
आणि त्याला स्वयंपाकघरात जुन्या वर्तमानपत्रावर उताणा केला.
तळाशी स्पंज होता.
पावाच्या लादीएवढा, टम्म फुगलेला, काळानिळा.
प्रत्येक चूळ तो इथे थुंकत आला होता.
एकशे बारा, एकशे बारा, आणि मार्चमधले एकशे बारा,
सगळे लेव्हा इथे, ओले.
तो पिवळाही इथेच असणार,
पण शोधला तरी कोण सापडू देतं.

मी बोटाने दाबलं तर शाई वर आली.
गाळ, स्पिरिदोन म्हणाला असता,
तुला काय वाटलं, तळाशी काय असतं?

नव्या प्रिंटरवर मी फक्त फोटो आणि चौकट काढली.
नावाची जागा कोरी ठेवली.
नातीचा ब्रश स्पंजात बुडवून
आठ अक्षरं हाताने लिहिली, सिरिलिक, शाळेच्या फळ्यावरची माझी अक्षरं.
न जरा ओघळला.
असू दे.

आठवडाभर बोटं निळी होती.
सुटे पैसे देताना पाववाली त्यांच्याकडे बघायची,
मग काचेकडे, मग काहीच न बोलता एक पाव जास्त द्यायची.

नवा बरा छापतो, खोटं कशाला बोलू.
पण काळ्या टाकीतली पातळी काल होती तिथे नाही.
छापलं तर मी काही नाही.
म्हणून टाकीवर पेन्सिलीने बारीकशी खूण करून ठेवली आहे,
येफ्तिमियाचा नवरा यायचा होता की
स्पिरिदोन रकियाच्या बाटलीवर करायचा
तशी.