अक्षरी दर

बंदरावरच्या व्यायामशाळेची पाटी माझ्याकडे आलीय.
सहा फूट पत्रा, निळी जमीन, पिवळी अक्षरं.
दर अक्षराला चाळीस रुपये, काना-मात्रा फुकट.
वेंगुर्ल्यातल्या होड्यांची नावं मी याच दराने लिहितो,
देवाला सूट नाही.

कमिटीचा कागद असा:
महान मुष्टियोद्धा रुझार लोबो व्यायामशाळा.
पहिल्याच शब्दावर चार संध्याकाळी गेल्या
माझ्या दुकानाच्या बाकड्यावर.

शाणू गिरप म्हणतो, महान कसलो?
तीन वर्सां पट्टो जिंकल्यान, बरां. पण कोणावांगडा?
तेच्या वेळचो खरो वाघ अंबाल्याचो,
तो हात मोडून घराकडे बसलेलो.
रिकाम्या खळ्यात कोंबडो पण राजा.

आरोलकर मास्तरांकडे वही आहे.
एकोणसाठ लढती, एकावन्न जिंकलेल्या,
पेन्सिलीने, तारखेसकट.
जो समोर आला त्यालाच मारणार ना माणूस?
न आलेल्याला मारायचं कसं?
आणि कटकची शेवटची? शाणू विचारतो.
त्यावर मास्तर चष्मा पुसतात.
कटकला रुझार चौतिशीचा,
पहिल्याच फेरीत दोनदा गुडघ्यावर.
थांबायला हवं होतं, हे सगळ्यांना मान्य.
कधी, यावर एकमत नाही.

नलू तांडेल टोपली टेकवून ऐकत होती.
माझ्या घोवान माका मारल्यान तेव्हा
ह्योच रुझार दारात येवन उभो रवलो.
हात खिशयात. बोललो नाय कायच.
परत हात उचलूक नाय घोवान.
ता तुमच्या वहीत असा?
तां मुष्टियुद्ध नव्हे, शाणू म्हणाला.
मगे काय तां?
आणि सोसायटीचे साडेचार हजार बुडवल्यान,
मागून कुणीतरी म्हणालं,
ते तरी खंय वहीत आसत?

मी त्याला रिंगणात पाहिलेलं नाही.
कुणीच नाही इथे, खरं तर.
पेपरात दोन ओळी यायच्या, आठवड्याने,
तोवर त्या पेपरात बोंबील बांधलेले.
मी पाहिलं ते एवढंच:
मे महिना, दुपार, त्याच्या आईच्या चुलीवर सुरमईचं सार,
आणि उंबऱ्यावर रुझार, अंगाला गोणपाट गुंडाळून,
करवंटीत थुंकत बसलेला.
मी नऊ वर्षांचा. म्हटलं, काय करतंस?
म्हणाला, अर्धो किलो जास्त असंय. काढतंय.

काल गेलो त्याच्याकडे. पालथ्या होडीला टेकून
जाळं विणत होता. सुई फासातून जाईना,
तीनदा हुकली, चौथ्यांदा गेली.
मी मदतीला हात पुढे केला नाही,
केला असता तर आवडलं नसतं.
विचारलं, महान लिहू की नको?
कितकी अक्षरां?
तीन. एकशेवीस रुपये.
एकशेवीसात बांगडे किती येतत, म्हणून हसला.
डावीकडचे दात नाहीत.
मग बराच वेळ गाठी मारत राहिला.
मला वाटलं विसरला.

वजन लिव, म्हणाला.
कसलं वजन?
माझां. चोपन्न किलो.
चोपन्नात मी होतंय. वरच्यांत कोण मोठो
तां माका म्हायत नाय,
आणि तुमका तर नायच.

आज पाटी पुरी केली.
रुझार लोबो, मुष्टियोद्धा, चोपन्न किलो.
कमिटीचे अध्यक्ष वाचून गप्प,
मग म्हणाले, ह्यां काय? माशाचो लिलाव काय?
मास्तरांनी मात्र वही काढून ते वर लिहून घेतलं.
शाणू बोटांवर मोजत होता:
चो, प, न्न, कि, लो.
पाच अक्षरं. महानपेक्षा दोन जास्त.
वरचे ऐंशी रुपये कोणी द्यायचे,
आता यावर भांडण चाललंय.