पहिले दहा हजार

माझी गाडी माधवनगर रस्त्यावरच्या गॅरेजात
विटांवर उभी, गिअरबॉक्स काढून शेजारी
वर्तमानपत्रावर ठेवलेला.
हलत नव्हती, पण तिचा विमा चालू होता.
फेब्रुवारीपर्यंत. पैसे भरलेले, कागद कप्प्यात.

अक्काचा मोतीबिंदू मात्र थांबणार नव्हता.
मिरजेच्या डॉक्टरांनी तारीख दिलेली, म्हणून
विश्रामबागेतल्या तौफिक नदाफकडून एका दिवसापुरती
पांढरी गाडी घेतली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे,
बावीसशे रुपये, डिझेल आपलं.
सह्या केल्या चार ठिकाणी.
वाचलं एकाही ठिकाणी नाही.
अकरा वर्षं हप्ता भरणाऱ्या बाईला वाटतं
आपण झाकलेल्या आहोत,
अंगात स्वेटर असला की
दुसऱ्याच्या घरातही थंडी वाजत नाही, तसं.

परतताना हरिपूरच्या रस्त्यावर, चिंचांच्या सावलीत,
समोरून हळदीची पोती लादलेला छोटा हत्ती.
रस्ता एकाचाच. मागे मी घेतली.
आवाज तसा मोठा नव्हता,
पापड मोडावा एवढा.
मागच्या सीटवर अक्का, एका डोळ्यावर पट्टी,
दुसरा भीतीनं मिटून घेतलेला.
"काय झालं गं?"
"काही नाही. झाड."
"आपलं?"
"नाही. गाडीपण आपली नाही."
तेवढ्यानं तिला बरं वाटलं.
मलाही, घरी पोचेपर्यंत.

तौफिकनं चेपलेला भाग वितीनं मोजला,
फोटो काढले, उन्हात, मग सावलीत.
"विमा आहे की मॅडम गाडीचा. फुल्ल आहे.
पण पहिले दहा हजार तुमचे. दुसऱ्या पानावर बघा."
दुसऱ्या पानावर माझी सही होती,
घाईतली, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.

भूपाल मगदुमांना फोन लावला.
जेवत होते बहुतेक, वाटीचा आवाज आला.
"माझी पॉलिसी आहे ना? ती इथं..."
"नाही ताई. विमा गाडीचा असतो.
तुम्ही दुसरीत बसला म्हणून तो मागोमाग येत नाही.
तो तिथंच, तिच्यापाशी."
आणि मला दिसला तो,
विटांवरच्या गाडीखाली पुढचे पाय पसरून बसलेला,
इमानी, निरुपयोगी.

"मग अकरा वर्षं मी पैसे कुणाचे भरले?"
"गाडीचे."
"आणि मी?"
घास गिळल्याचा आवाज.
"तुमचा बोनस आहे की. क्लेम न केल्याचा.
वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आता पन्नास टक्के.
तो गाडीचा नाही, तो माणसाचा.
गाडी विकली तरी तुमच्याबरोबर येतो."

म्हणजे भरून मिळतं ते पत्र्याला,
आणि काही न मागण्याचा गुण
तेवढा माझ्या नावावर.
असले गुण आमच्या घरात
बायकांच्या नावावर पुष्कळ आहेत.
अक्काचे तर पन्नास टक्क्यांवर कधीच गेले,
पुढचा तक्ता कुणी छापलेला नाही.

दहा हजार दिले. तौफिकनं चहा मागवला,
पावती दिली, पुन्हा या म्हणाला.
वाईट माणूस नव्हता. पान दोन मीच उलटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी माझ्याच गाडीतून
डोळा दाखवायला निघालो. नवा गिअर जरा अडत होता.
चिंचेच्या सालीत अजून
नखाएवढा पांढरा रंग.
"इथं का गं हळू केलीस? समोर तर कुणी नाही."
"ओळखीचं झाड आहे."
अक्कानं मान वळवली
आणि बघत राहिली त्याच्याकडे, नव्या डोळ्यानं,
ते मागे जाईपर्यंत.